परसबागेतील कोवळ्या वृक्षांचे सिंचन

परसात लावलेले आंब्याचे कलम किंवा लिंबाचे रोप पावसाळ्यात तरारून येते, हिवाळ्यात तग धरते आणि पुढच्या वैशाखात एकाएकी वाळून जाते, हा अनुभव महाराष्ट्रातील बहुतेक घरांस परिचित आहे. अशा वेळी दोष उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा रोपाला पाणी नियमितपणे, किंबहुना रोजच, दिलेले असते. जे रोप काळजीपूर्वक जपले तेच मरावे आणि कुंपणाजवळ आपोआप उगवलेला कडुलिंब वाढावा, या विसंगतीचे कारण पाण्याच्या प्रमाणापेक्षा त्याच्या स्थानात व कालांतरात शोधावे लागते. वनस्पतिशरीरक्रियाशास्त्र व मृदाभौतिकी या दोन शास्त्रांचे अनेक मूलभूत सिद्धान्त या घरगुती प्रश्नात एकत्र येतात. म्हणून तो पदव्युत्तर अभ्यासकांच्याही विचारास पात्र आहे.

प्रश्न जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेद अध्यायात लावलेल्या झाडांच्या सिंचनाचा नियम दिला आहे. ग्रीष्मात सकाळ-संध्याकाळ, शीतकाळी दिवसाआड आणि वर्षाकाळी भूमी शुष्क होईल तेव्हा पाणी द्यावे, असा त्याचा आशय आहे. या नियमाचे पहिले दोन भाग दिवसांच्या हिशेबाने सांगितले आहेत, तर तिसरा मातीच्या अवस्थेवरून. पाणी दिनमानाप्रमाणे द्यावे की मातीकडे पाहून द्यावे, हा वाद या एका नियमातच बीजरूपाने आढळतो. पुढील विवेचनाचा रोख त्याच प्रश्नाकडे आहे.

मातीतील पाण्याचा हिशेब

मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी व हवा या दोहोंचे वास्तव्य असते. भरपूर पाणी दिल्यावर सर्व पोकळ्या प्रथम पाण्याने भरतात. नंतर मोठ्या पोकळ्यांतील पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली निघून जाते व त्यांची जागा हवा घेते. सूक्ष्म पोकळ्यांतील पाणी केशाकर्षणाने धरून ठेवले जाते. या अवस्थेस मृदाभौतिकीत क्षेत्रीय जलधारणक्षमता म्हणतात. महाराष्ट्रातील शेतकरी ज्या अवस्थेला ‘वाफसा’ म्हणतो ती हिच्याशी जवळजवळ जुळते. वाफसा या शब्दात ओलाव्याइतकाच हवेचाही अर्थ अभिप्रेत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुळे पाणी शोषीत गेली म्हणजे उरलेले पाणी मातीच्या कणांस अधिकाधिक घट्ट चिकटून राहते आणि शेवटी मुळांना ते ओढून घेता येत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्यातील ब्रिग्ज व शान्ट्झ यांनी १९१२ साली या मर्यादेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. दुपारी कोमेजलेले रोप रात्रीच्या दमट हवेत पुन्हा ताठ होत असेल तर मातीत उपयुक्त पाणी शिल्लक आहे. सकाळीही ते मलूल राहिले तर कायम कोमेजण्याचा बिंदू आला, असे समजले जाते. या बिंदूस मातीतील पाण्यावरील ताण साधारणतः १५ वातावरणांइतका असतो. वाफशाची अवस्था व हा बिंदू यांच्या दरम्यानचे पाणी तेवढेच वनस्पतीस उपलब्ध असते.

उपलब्ध पाण्याचे प्रमाण मातीच्या पोताप्रमाणे बदलते. एक मीटर खोलीच्या मातीत ते चिकणमातीमध्ये साधारणपणे १२० ते २०० मिलिमीटर, पोयट्यात १३० ते १८० मिलिमीटर आणि वालुकामय मातीत ५० ते ११० मिलिमीटर धरतात. एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, हे सूत्र ध्यानात घेतल्यास परसातील हिशेब सोपा होतो.

हे सर्व पाणी शेवटच्या थेंबापर्यंत सारखेच सुलभ असते काय, याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होता. कॅलिफोर्नियातील व्हाइमेयर व हेन्ड्रिक्सन यांनी फळझाडांवरील निरीक्षणांवरून, कोमेजण्याचा बिंदू जवळ येईपर्यंत पाणी सारखेच उपलब्ध असते, असे प्रतिपादन केले. १९६२ साली डेनमीड व शॉ यांनी मक्यावरील प्रयोगांत दाखवून दिले की, हवा थंड व दमट असता मातीतील बरेचसे पाणी संपेपर्यंत बाष्पोच्छ्वास चालू राहतो. परंतु हवा उष्ण व कोरडी असता माती पुरेशी ओलसर असतानाही तो मंदावतो, कारण मुळांपर्यंत पाणी पोहोचण्याचा वेग हवेच्या मागणीस पुरा पडत नाही. यावरून कोवळ्या झाडांसाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. उन्हाळ्यात उपलब्ध पाण्यापैकी सुमारे निम्मे संपले की पाणी द्यावे. हिवाळ्यात त्याहून अधिक काळ थांबण्यास हरकत नाही.

तांब्याभर पाणी आणि बादलीभर पाणी

वरील तत्त्वे एका कल्पित उदाहरणास लावून पाहता येतील. एक मीटर व्यासाच्या आळ्यात दोन वर्षांचे झाड आहे व त्याची बहुतेक मुळे वरच्या ३० सेंटिमीटरांत आहेत, असे समजू. आळ्याचे क्षेत्रफळ सुमारे पाऊण चौरस मीटर भरते. काळ्या जमिनीत मीटरमागे १५० मिलिमीटर उपलब्ध पाणी धरल्यास या थरात सुमारे ३५ लिटर पाणी साठते. त्यातील निम्मे म्हणजे १८ लिटरांच्या आसपास. मुरमाड किंवा रेताड जमिनीत मीटरमागे ७० मिलिमीटर धरल्यास एकूण साठा १६ लिटरांचा व त्यातील निम्मा ८ लिटरांचा होतो.

आता खर्चाची बाजू. स्टीफन हेल्स याने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुंडीतील सूर्यफुलाच्या वजनातील घट मोजून दाखविले की, सुमारे साडेतीन फूट उंचीचे ते झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस पाणी पानांवाटे गमावते. कुंडीचे तोंड त्याने शिशाच्या पत्र्याने बंद केले असल्यामुळे मातीच्या पृष्ठभागावरील बाष्पीभवन या आकड्यात आलेले नाही. पुढे १९४८ साली पेनमन याने सूर्यप्रकाश, वारा, तपमान व आर्द्रता यांवरून असा खर्च काढण्याचे समीकरण दिले व सिंचनाच्या शास्त्राला गणिती पाया लाभला. वैशाखातील कोरड्या दिवशी हा खर्च ७ मिलिमीटर धरला आणि झाडाच्या पर्णसंभाराचा व्यास ६० सेंटिमीटर मानला, तर झाड दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी खर्च करील. आच्छादन घातलेल्या आळ्यातील बाष्पीभवन मिळवून तो खर्च सव्वादोन ते अडीच लिटरांवर जाईल. म्हणजे काळ्या जमिनीत १८ लिटर पाणी एक आठवडाभर पुरावे व मुरमाड जमिनीत ८ लिटर पाणी तीन-साडेतीन दिवस पुरावे. आठवड्याचा एकूण खर्च दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच आहे. फरक आहे तो एका वेळच्या मात्रेत व दोन पाळ्यांमधील अंतरात. शेजारच्या घराचे पाहून पाणी देण्याची पद्धत का फसते, याचे उत्तर येथे मिळते.

या हिशेबावर प्रचलित रीती तपासून पाहिल्यास दोन परस्परविरुद्ध चुका दिसतात. पहिली, रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याची. माती पाणी घेते ती वरून खाली, एकेक थर वाफशापर्यंत भरीत. वरचा थर भरल्यावाचून खालच्या थरास पाणी मिळत नाही. संपूर्ण खोलीला थोडा थोडा ओलावा देणे भौतिक दृष्ट्या अशक्यच आहे. वरील आळ्यात एक लिटर पाणी पसरले तर त्याची जाडी सव्वा मिलिमीटर होते आणि त्याने निम्मी सुकलेली काळी माती जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर भिजते. तो ओलावा दुपारपर्यंत उडून जातो. माती वरून काळी दिसते, घरातील माणसाचे समाधान होते आणि मुळे कोरडीच राहतात. जी मुळे जगतात ती ओलाव्याच्या लोभाने पृष्ठभागालगत राहतात व एखादा आठवडा घर बंद राहिले की प्रथम तीच होरपळतात.

दुसरी चूक रोज बादलीभर पाणी ओतण्याची. १५ लिटरांची बादली रोज ओतल्यास आठवड्यात १०५ लिटर पाणी पडते. गरज असते १८ लिटरांची. मुरमाड जमिनीत जादा पाणी अन्नद्रव्यांसह खाली वाहून जाते. काळ्या जमिनीत ते जागीच तुंबते आणि अनर्थ ओढवतो.

अतिसिंचनाने येणारी म्लानता

मुळे सजीव आहेत व त्यांस श्वसनासाठी प्राणवायू लागतो. पाण्यातून प्राणवायूचे विसरण हवेतील विसरणाच्या सुमारे दहा हजारांश वेगाने होते. त्यामुळे पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांभोवतीचा प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. याचा परिणाम वरवर पाहता चमत्कारिक वाटतो. पाण्यात उभे असलेले झाड पाण्यावाचून असल्याप्रमाणे मलूल होते. पेशीपटलांतून पाण्याची ने-आण करणारी प्रथिनमार्गिका, अ‍ॅक्वापोरिन, पीटर अ‍ॅग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ओळखली. प्राणवायूच्या अभावी मुळांतील पेशीरस आम्लधर्मी होतो व या मार्गिका मिटतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणजे सभोवती विपुल पाणी असूनही मूळ ते आत घेऊ शकत नाही.

खरा धोका पुढेच आहे. मलूल पाने पाहून गृहस्थ आणखी पाणी घालतो. लक्षण एक, कारणे परस्परविरुद्ध आणि उपाय चुकीचा, अशी ही स्थिती आहे. परसातील कित्येक झाडे या गैरसमजाला बळी पडतात. लिंबूवर्गीय झाडांत आणखी एक संकट असते. बुंध्याशी सतत ओल राहिल्यास फायटोफ्थोरा या रोगजंतूमुळे साल कुजून डिंक्या रोग होतो. म्हणून बुंध्याभोवती मातीचा लहानसा उंचवटा करून त्याच्या बाहेर पाण्याचे वर्तुळ ठेवण्याची दुहेरी आळ्याची पद्धत या झाडांना विशेष हितकर ठरते. कलमाचा सांधा मातीखाली जाऊ न देण्याची दक्षताही त्याच कारणास्तव घ्यावयाची असते.

पहिले काही आठवडे

येथवर जे सांगितले त्यावरून पाणी नेहमी क्वचित व खोल द्यावे, असा सरसकट नियम काढण्याचा मोह होईल. तथापि नुकत्याच लावलेल्या रोपाच्या बाबतीत हा नियम घातक ठरतो. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची सर्व मुळे पिशवीतील मातीच्या हुंडीतच असतात. १५ सेंटिमीटर व्यासाच्या व २५ सेंटिमीटर उंचीच्या हुंडीचे घनफळ सुमारे ४.४ लिटर भरते. त्यात शेकडा १५ या प्रमाणात उपलब्ध पाणी धरल्यास ते दोन-तृतीयांश लिटराहून अधिक होत नाही. रोज अर्धा लिटर पाणी खर्च करणारे रोप हा साठा एक-दीड दिवसात संपविते. भोवतालची माती ओली असली तरी तिच्यात अद्याप मूळ गेलेले नसते. त्यातून हुंडीची माती भुसभुशीत व बाहेरची चिकण असेल तर बाहेरील सूक्ष्म पोकळ्याच हुंडीतील पाणी ओढून घेतात.

म्हणून लागवडीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत पाणी थोडे, वारंवार व नेमके हुंडीवर दिले पाहिजे. नवी पालवी फुटू लागली, म्हणजे मुळे बाहेर पडल्याचे अनुमान करून आळे हळूहळू रुंद करावे, मात्रा वाढवावी व पाळ्यांमधील अंतरही वाढवावे. वराहमिहिराचा सायंप्रातः सिंचनाचा नियम या पहिल्या अवस्थेस लावला तर तो मुळीच अतिशयोक्त वाटत नाही. चूक होते ती पहिल्या अवस्थेचा नियम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत तसाच चालू ठेवण्यात.

खड्डा भरताना निचऱ्यासाठी तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याची प्रथाही येथे तपासली पाहिजे. बारीक मातीखाली भरड थर असला म्हणजे पाणी चटकन खाली जाईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात बारीक पोकळ्या पाणी ताणून धरतात आणि वरची माती जवळजवळ संपृक्त झाल्यावाचून ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात गार्डनर यांनी १९५९ साली तयार केलेल्या चित्रपटात ओलाव्याची सीमा भरड थरापाशी येऊन थबकते, हे डोळ्यांना दिसेल अशा रीतीने दाखविले आहे. अर्थात खडीच्या थराने मुळांच्या तळाशी दलदल वाढण्याचाच संभव अधिक. चिकण जमिनीत निचरा साधावयाचा तर झाड किंचित उंचवट्यावर लावणे हाच उपाय योग्य होय.

वेळ व साधने

भर दुपारी पानांवर पाणी पडल्यास थेंब भिंगाप्रमाणे सूर्यकिरण एकत्र करून पाने जाळतात, ही समजूत सार्वत्रिक आहे. बुडापेस्ट येथील एग्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रयोग व गणित यांच्या आधारे तिची परीक्षा केली. गुळगुळीत पानावर सपाट बसलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पानाच्या बराच खाली पडतो व पान जळत नाही. केसाळ पानांवर थेंब उचलून धरले गेल्यास मात्र तसे घडू शकते, असे त्यांस आढळले. तेव्हा दुपारचे पाणी टाळण्याचे मुख्य कारण निराळे आहे. त्या वेळी पृष्ठभागावरील पाण्याचा बाष्पीभवनाने होणारा अपव्यय सर्वाधिक असतो. मात्र सकाळीच कोमेजलेल्या रोपाला सायंकाळची वाट पाहावयास लावणे केव्हाही अयोग्य.

साधनांपैकी मातीचे मडके हे सर्वांत स्वस्त व तत्त्वदृष्ट्या सर्वांत मनोवेधक आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील फान शंग-च याच्या चिनी कृषिग्रंथात पाण्याने भरलेले मडके जमिनीत पुरून त्याभोवती खरबुजाचे वेल लावण्याची कृती वर्णिलेली आहे. झिलई नसलेल्या भाजक्या मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपते ते बाहेरील मातीच्या ताणाप्रमाणे. माती सुकली की झिरपण वाढते, ओली झाली की मंदावते. मातीच्या अवस्थेनुसार पाणी देण्याचे तत्त्व येथे यंत्रावाचून साध्य होते. क्षारयुक्त पाण्याने भिंतीची छिद्रे कालांतराने बुजतात, एवढी मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. १९६५ नंतर इस्रायलमधून प्रसार पावलेले ठिबक सिंचन हेही अल्प वेगाने मुळांपाशी पाणी देते. परंतु मडक्याचे आत्मनियमन त्यात नाही. तोटी किती वेळ उघडी ठेवावी, हे माणसालाच ठरवावे लागते.

पालापाचोळ्याचे आच्छादन मातीच्या पृष्ठभागावरील बाष्पीभवन कमी करते व काळ्या जमिनीत भेगा पडण्यास आळा घालते. भेगाळलेल्या आळ्यात घाईने ओतलेले पाणी भेगांतून थेट खाली जाते व मधली ढेकळे कोरडीच राहतात. अशा आळ्यात पाणी सावकाश व दोन हप्त्यांनी द्यावे. न्हाणीचे पाणी केळी व अळू यांस सोडण्याची जुनी चाल काटकसरीची आहे. तथापि साबण व धुण्याच्या चुऱ्यातील सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होऊन तिची घडण बिघडते. म्हणून कोवळ्या झाडांच्या आळ्यात असे पाणी सतत सोडणे इष्ट नाही.

ऋतुमान व परीक्षा

दख्खनच्या पठारावर बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व त्यातही मधूनमधून दीर्घ उघडीप पडते. आभाळ ढगाळ आहे एवढ्यावरून माती ओली आहे असे मानणे चुकीचे. भूमी शुष्क झाली असता पावसाळ्यातही पाणी द्यावे, या जुन्या वचनाचे मर्म येथे प्रत्ययास येते. कोकणात पाऊस कितीतरी अधिक. परंतु जांभ्या जमिनीतून पाण्याचा निचरा त्वरित होतो, त्यामुळे पावसानंतरच्या कोरड्या महिन्यांत तेथील रोपांनाही पाण्याची तितकीच आवश्यकता असते. संत्र्या-मोसंबीच्या बागांत बहार धरण्यासाठी पाणी तोडून ताण देतात. तो उपचार फळांवर आलेल्या झाडांसाठी आहे. वाढीच्या वयातील झाडांना त्याचे अनुकरण अपायकारक ठरते.

माती ओली आहे की नाही हे जाणण्यास महागड्या उपकरणांची गरज नाही. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई आळ्यात दाबून पाहावी. भिजलेल्या खोलीपर्यंत ती सहज जाते व कोरड्या थरापाशी अडते. पुढील पाळीपूर्वी हातभर अंतरावर वीतभर खोल उकरून मूठभर माती घ्यावी. दाबल्यावर तिचा लाडू वळत असेल तर थांबावे. लाडू वळता वळता फुटू लागला तर पाणी द्यावे. वाळूत मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. तेथे हाताला लागणारा गारवाच प्रमाण मानावा लागतो. पाने मलूल दिसली तर ती सकाळी पाहावीत आणि पाणी घालण्यापूर्वी माती उकरून पाहावी. हा एकच नियम पाळला गेला तरी अतिसिंचनाने मरणारी झाडे वाचतील.

या विषयातील पदव्युत्तर अभ्यासास प्रयोगशाळेबाहेर जाण्याचीही आवश्यकता नाही. दोन सारखी रोपे, एक तराजू व विभागाच्या आवारातील माती एवढ्या सामग्रीवर हेल्सचा प्रयोग आजही करता येतो. रोज अल्प पाणी दिलेल्या व आठवड्याने खोल पाणी दिलेल्या रोपांची मुळे वर्षअखेर धुऊन शेजारी ठेवली, तर वरील विवेचनाची सत्यासत्यता विद्यार्थ्यांस स्वतः पडताळता येईल. झाडाला किती दिवसांनी पाणी द्यावे, या प्रश्नाचे उत्तर पंचांगात नसून मातीत आहे. वराहमिहिराच्या नियमातील तिसरा चरण वर्षाकाळापुरता सांगितला गेला होता. आधुनिक मृदाशास्त्राने तो सर्व ऋतूंना लागू केला, इतकेच.